डाळीच्या डब्यातला मोबाईल

राणीसावरगाव
१४ जुलै २०२५

चि. सुकेशनीस,

सप्रेम जयभीम. जावईबापूंनाही माझा जयभीम सांग.

आमी दोघी खुशाल आहोत. तू पौर्णिमेला येऊन गेलीस आणि घर पुन्हा ओकंबोकं झालं. विहारात पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, वर्षावासाचं वाचन सुरू झालंय. संध्याकाळी तिकडं जाते, तेवढाच जिवाला विरंगुळा.

तू म्हणालीस, "माय, रेणुकाचं काय चाललंय ते फोनवर सांगत जा." कसं सांगू? दोन खोल्यांचं घर. मी फोनवर कुजबुजले की पोरगी विचारते, "आजी, आवाज बसला का?" मेसेज लिहावा, तर तो मला फोनवर लिहून देणारी तीच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! म्हणून पत्र. पोस्टात निळं पत्र मागितलं तर पोस्टमास्तर असे बघायला लागले, जशी काय मी रेल्वेच्या खिडकीवर बैलगाडीचं तिकीट मागायलेय. बघू दे. मला अक्षरओळख झाली चाळिशीत, विहाराच्या वर्गात. पंगतीला उशिरा बसलेलं माणूस दोन घास जास्तच खातं, तसं माझं लिहिणं.

आता मुद्द्याचं. पोरगी नववीला गेली म्हणून तुमी तिला जूनमध्ये फोन घेऊन दिला, आणि तेव्हापासून पुण्यात तुझी झोप उडाली. ती न्हायला गेली तेव्हा तू तिचा फोन उघडून, ती काळ्या ठिपक्यांची चौकट दाखवून, जावईबापूंचा जुना मोबाईल तिच्या व्हॉट्सअॅपला जोडून दिलास. तो मी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवलाय. तिला आलेला आणि तिनं धाडलेला एकूणएक मेसेज आता डाळीत पडायलाय. ती सरावाला गेली की मी डबा उघडते, वाचते, डाळ सारखी करते, झाकण लावते. या वयात माझ्या काळजाचे ठोके असे वाढायलेत, जशी मीच कुणाची पोर पळवून आणलीय.

वाचलं त्यात बरंचसं शाळेचं आहे. खो-खोच्या पोरींचा एक ग्रुप आहे, त्यात चौदा जणी. दिवसभर चिमण्यांसारखा चिवचिवाट. पण एक गोष्ट मला खटकली, ती लपवत नाही. "कॅप्टन" नावाचं कुणीतरी आहे. रेणुका रोज त्याला लाल बदामाची चित्रं धाडते. परवा तर लिहिलं होतं, "कॅप्टन, तुझ्याशिवाय मन लागत नाही. उद्या लवकर ये."

आता हा कॅप्टन फौजेतला की जहाजावरचा, ते काही मला कळेना. तुला समजलं तर कळव. रेणुका आली वाटतं, शेळी ओरडायलीय. थांबते.

तुझी,
माय


पुणे
२१ जुलै २०२५

ती. मायस,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वॉर्डात मिळालं. उभ्यानंच वाचलं. पेशंटचा ताप बघायला निघाले होते, मलाच ताप आला.

माय, कोण हा कॅप्टन? किती वयाचा? कुठला? फोटो आहे का त्याचा? तू इतकं निवांत कसं लिहितेस, "तुला समजलं तर कळव" म्हणून? ह्यांना मी अजून सांगितलं नाही. सांगितलं तर ते कंपनी सोडून आजच गाडीत बसतील.

इथं आमच्या वॉर्डात मुलींना घेऊन आया येतात. एकेकीचं ऐकते ना, तर घरी येऊन घास गिळत नाही. अनोळखी माणूस आधी गोड बोलतो, मग फोटो मागतो, मग त्याच फोटोवरून घाबरवतो. आणि आईला सगळ्यात शेवटी कळतं. मला ती शेवटची आई व्हायचं नाही. तुला चोरासारखं वाटतं हे मला कळतं, पण माझा नाइलाज समजून घे.

शोध लाव. पण रेणुकाला काही विचारू नकोस, ती सावध होईल. आणि एक नीट लक्षात ठेव. त्या डब्यातल्या मोबाईलवर फक्त वाचायचं. तिथून तू एक शब्द जरी लिहिलास तरी तो रेणुकाच्या नावानं जाईल. कुणालाही उत्तर द्यायचं नाही. माय, तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून दोनदा लिहिते. कुणालाही उत्तर द्यायचं नाही.

वाट बघते.

तुझी,
सुकेशनी


राणीसावरगाव
२८ जुलै २०२५

चि. सुकेशनीस,

सप्रेम जयभीम.

आधी एक घोट पाणी पी. कॅप्टन सापडला.

गुरुवारी मी छत्री द्यायचं निमित्त करून शाळेच्या मैदानावर गेले. आभाळ कोरडं ठक्क. पोरी हसल्या, "आजी, ऊन लागू नाही मनून आणली का?" मी म्हटलं, "हसा गं. तुमच्यात कॅप्टन कोण हाय?" सगळ्यांनी एकीकडं बोट केलं. दोन वेण्या, गुडघ्यावर हळद भरलेली, गालात अख्खी चिंच. व्यंकटरावांची नात, वैष्णवी! संघाची कॅप्टन. मला म्हणते, "काय झालं आजी? रेणूनं चुगली केली का माझी?"

मी खालीच बसले. तिला वाटलं, मला चक्कर आली. तिनं पाणी आणलं, माझ्याच पदरानं वारा घातला. तुझा तो जहाजावरचा मला वारा घालायला होता, सुके!

त्या लाल बदामाचंही मी आडून विचारून घेतलं. ते सगळे सगळ्यांना टाकतात म्हणे. रंगनाथ सरांनी गणिताचा तास सोडून दिला तरी पोरी त्यांच्या निरोपाखाली बदाम टाकतात. म्हणजे आपल्या काळी टाळी वाजवायचे, तसं. आणि "मन लागत नाही" हे सरावाबद्दल होतं. वैष्णवी ताप येऊन घरी होती.

तू उत्तर देऊ नको म्हणालीस. देत नाही. पण लय जड जातं बघ. एखादी पोर विचारते, "उद्या डब्याला काय आणू?" आणि चौदा जणींत एक बोलत नाही. दारात आलेल्या माणसाला आपण बघतोय आणि "ये, बस" म्हणत नाही, अशी घुसमट होते. तरी हात आवरून बसते.

मोबाईल बरा चालायलाय. तू बिनघोर राहा. जावईबापूंना गाडीत बसू देऊ नकोस.

तुझी,
माय


पुणे
१९ ऑगस्ट २०२५

ती. मायस,

सप्रेम जयभीम.

कॅप्टनचं वाचून मी आणि हे एवढं हसलो की शेजारीण विचारायला आली. बरं वाटलं.

पण त्यानंतर मी एक पत्र टाकलं, त्याला तुझं उत्तर नाही. फोन केला की तू "सगळं बरंय, शेळी सुटली" म्हणून ठेवून देतेस. माय, गेल्या चार फोनांत चार वेळा शेळी सुटली. एवढी कुठं जाते ती शेळी? रेणुका तर फोनवर येतच नाही. काल आली, तर "हो", "नाही", "ठेवते", एवढंच.

काहीतरी झालंय. तू माझ्यापासून लपवतेस. काय झालं?

तुझी,
सुकेशनी


राणीसावरगाव
२५ ऑगस्ट २०२५

चि. सुकेशनीस,

सप्रेम जयभीम.

शेळी कुठंही जात नाही. खुंट्याला बांधलेली आहे. आता खरं सांगते, रागावून पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

त्या दिवशी रेणुका तानुबाईकडं दळण आणायला गेली होती. मी डबा उघडला. ग्रुपात माधवीनं लिहिलं होतं, "माझी आजी लय खोकायली. मी उद्या सरावाला येणार नाही." मी थांबले. म्हटलं, कुणीतरी विचारील. कुणी विचारीना. भाजी निवडून झाली, पुन्हा बघितलं. चौदा पोरी, आणि एकीनं म्हणू नाही की बाई, कशी आहे तुझी आजी? तिकडं म्हातारी खोकायलीय आणि इकडं एक पोर वर उड्या मारणाऱ्या बेडकाचं चित्र टाकायली.

माझ्यानं राहवलं नाही. रेणुकानंच मला शिकवलं होतं की खालचं माइकचं चित्र दाबून बोललं की आपोआप अक्षरं उमटतात. मी दाबलं आणि बोलले. काय बोलले ते तुला पूर्ण सांगते, कारण आता ते साऱ्या राणीसावरगावाला पाठ आहे:

"सप्रेम जयभीम. चि. माधवीस अनेक आशीर्वाद. आजीला कोमट पाणी द्यावे, हळद घालून दूध द्यावे, वाऱ्यात बसू देऊ नये. माझी लेक नर्स आहे, ती म्हणते की खोकला राहिला तर दवाखान्यात दाखवावे, अंगावर काढू नये. थोरांस नमस्कार, लहानांस गोड पापा. तुझी, सरजाबाई."

आणि ते गेलं रेणुकाच्या नावानं.

बोलायच्या गडबडीत माझ्या बोटानं मोबाईलचा बंद ठेवलेला आवाज चालू झाला असावा, थोड्या वेळात डाळीचा डबा वाजायला लागला. टिंग. टिंग. टिंग. वैष्णवीनं लिहिलं, "रेणू, तू म्हातारी कधी झालीस?" दुसरीनं लिहिलं, "गोड पापा मिळाला." मी डबा गोधडीत गुंडाळला, तरी वाजायचा थांबेना. तेवढ्यात रेणुका दळण घेऊन दारात. हातात तिचा फोन. तिनं एकदा फोनकडं बघितलं, एकदा गोधडीकडं. म्हणाली, "आजी, डाळीला मेसेज यायलेत."

तिनं झाकण काढलं. मोबाईल हातात घेतला, डाळ झटकली. मला वाटलं आता आदळआपट करील. काही नाही. एवढंच म्हणाली, "मी कधी तुझ्या पेटीला हात लावलाय का? मला मागितला असतास तर दाखवला असता की." मग तिच्या फोनवर काहीतरी दाबून तिनं जोड तोडून टाकला आणि आतल्या खोलीत जाऊन निजली. जेवली नाही.

सुके, पोरगी ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. जे सांगायचं ते शेळीला सांगायची. "चंद्रे, आजीला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय." मीही मग शेळीलाच सांगायचे, "चंद्रे, तिला मनावं, ताक पी." शेळी बिचारी दोघींच्या मधे उभी राहून हैराण.

एका सकाळी मी तिच्या पुढं जाऊन बसले. म्हटलं, "चंद्रीला आज सुट्टी दे, माझंच ऐक." तिला सांगितलं. "रेणू, तुझा आजा जोंधळ्याच्या राखणीला जायचा तेव्हा रानाच्या मधोमध चार बल्ल्यांचा माळा घालायचा आणि त्याच्यावर उभा राहायचा. पाखरालाही दिसायचा, माणसालाही दिसायचा. राखणदार उघड्यावर असतो. पिकात दडून बसतो तो चोर. मी तुझी राखण करायला निघाले आणि दडून बसले पिकात. चुकलं माझं. पण राखण सोडायची नाही, बाई. तू अजून हुरड्यातलं कणीस आहेस, आणि पाखरं काही सांगून येत नाहीत. तर आता मला माळा कुठं घालायचा ते तूच सांग."

ती कितीतरी वेळ चंद्रीच्या कानाशी खेळत बसली. मग म्हणाली, "विचार करते." माझ्याशी म्हणाली, शेळीशी नाही. तेवढ्यावर माझं त्या दिवसाचं पोट भरलं.

माधवीची आजी बरी आहे. तिनं हळदीचं दूध घेतलं आणि मला आशीर्वाद धाडला.

तुझी,
माय


पुणे
२ सप्टेंबर २०२५

ती. मायस,

जयभीम.

हसावं की रडावं, कळत नाही. दोनदा लिहिलं होतं, माय. दोनदा.

मी दडून बसले ते हौस म्हणून नाही. मी इथं, ती तिथं. मला माळा घालायला रान कुठं आहे? तो मोबाईल म्हणजे माझा एकुलता एक डोळा होता, तो तू गोड पापा देऊन फोडून घेतलास. आता पोरगी सावध झाली. यापुढं जे करायचं ते पुसून टाकील आणि आपल्याला वास लागणार नाही.

ह्यांच्याशी बोलले. आमचं ठरलं. दिवाळीत येऊ तेव्हा रेणुकाला पुण्याला घेऊन येऊ. इथल्या शाळेत विचारलं आहे, मधल्या सत्रात घेतील. खो-खो बुडेल, मैत्रिणी तुटतील, मला माहीत आहे. आमच्या पाळ्यांमुळं दिवसाचा बराच वेळ ती घरात एकटी राहील, तेही माहीत आहे. पण निदान डोळ्यासमोर राहील.

तू शाळेत जाऊन हेडमास्तरांकडं टीसीचा अर्ज दे. रेणुकाला आताच काही सांगू नकोस.

तुझ्यावर रागावले नाही. म्हणजे रागावले आहे, पण तुझ्यावर नाही.

सुकेशनी


राणीसावरगाव
११ सप्टेंबर २०२५

चि. सुकेशनीस,

सप्रेम जयभीम.

टीसीचं म्हणशील तर हेडमास्तर रजेवर आहेत. आले की जाते.

इकडं माळा उभा राहिला. घराच्या ओट्यावर. रेणुकानंच सगळं ठरवलं. रोज विहारातून आलो की आमी दोघी ओट्यावर बसतो. ती फोन मधे ठेवते. मला कुठल्याही नावावर बोट ठेवून विचारता येतं, "हा कोण?" आणि तिनं खरं सांगायचं. मैत्रिणींचं गुज मी वाचायचं नाही. पण नंबर अनोळखी असेल तर उत्तर द्यायच्या आधी मला दाखवायचा. फोटो कुणी मागितला तर आधी ओटा, मग फोटो. तिनं फोनच्या आत जाऊन काही कड्याही लावून घेतल्या. आता ओळखीशिवाय कुणाला तिचा चेहरा दिसत नाही आणि कुणी उपटसुंभ तिला भलत्या ग्रुपात ओढू शकत नाही. हे मला काही येत नाही, तिनं करून दाखवलं आणि मी "हां, हां" म्हटलं.

मग म्हणाली, "आता माझी अट. आजी, तुझापण फोन ओट्यावर ठेवायचा."

मी म्हटलं, "माझ्या फोनात काय असतंय मेलं?"

ते विचारायला नको होतं. तिनं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आजी, हे 'अकरा जणांना धाडा, न्हाईतर वाईट बातमी येईल' हे तू खरंच अकरा जणांना धाडलंस? पप्पालापण?" जावईबापूंना माझ्यातर्फे माफी सांग, त्यांना मी तीनदा धाडलंय. पुढं एका नंबरवर बोट ठेवून म्हणाली, "हा कोण?" तो लिहायला होता की लाइट बिल भरा, न्हाईतर आज रात्री वीज तोडू, खालच्या निळ्या ओळीवर दाबा. मी दाबणारच होते. ती म्हणाली, "आजी, आपली वीज तर रोजच जाते, त्यानं तोडायला शिल्लक काय ठेवलंय?"

तर अशी राखण दोन्हीकडून चाललीय. पहिल्या दिवशी माझीच चार पाखरं निघाली, तिचं एक नाही.

सुके, तिला नेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. लेकरू तुझं आहे. पण ओट्यावर बसून बघून जा आधी.

तुझी,
माय


पुणे
१९ सप्टेंबर २०२५

ती. मायस,

सप्रेम जयभीम.

लाइट बिलाचं वाचून अंगावर काटा आला. तिनं थांबवलं ते बरं झालं.

तरी मला एक सांग. ओट्यावर ती जे दाखवील ते तू बघणार. जे दाखवायचं नाही ते ती दाखवील का? मीही पोरगी होते, माय. तुझ्यापासून कमी लपवलं का मी? चांगलं चाललंय तोवर सगळीच मुलं दाखवतात. वाईट येईल त्या दिवशी ती फोन घेऊन ओट्यावर येईल, याची खात्री कोण देणार? तू?

हेडमास्तर अजून रजेवरच आहेत का?

तुझी,
सुकेशनी


राणीसावरगाव
३० सप्टेंबर २०२५

चि. सुकेशनीस,

सप्रेम जयभीम.

तू विचारलंस, खात्री कोण देणार. मी देऊ शकत नव्हते, म्हणून आठवडाभर पत्राला हात लावला नाही. आता लिहिते. पोरगी सुखरूप आहे, हे आधी वाच आणि मग पुढं जा.

परवा ओट्यावर बसलो. रेणुका रोज फोन ठेवते तसा ठेवला नाही, हातात धरून बसली. मग तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आजी, हा कोण ते मलाच माहीत न्हाई."

एका अनोळखी नंबरवर शिट्टी वाजवणाऱ्या माणसाचा फोटो. लिहिलं होतं की मी जिल्हा निवडीचा सर आहे. तुझा खेळ पाहिला, लय छान पळतेस, तुझं नाव यादीत घेतो. खेळाच्या कपड्यातले फोटो पाठव, समोरून, बाजूनं. आणि शेवटी, घरी किंवा मॅडमला सांगू नको, बाकीच्या मुली नाराज होतील.

माझ्या तोंडाशी शिव्या आल्या. पण मी जीभ दातांखाली धरली. ओरडले असते तर ती पुन्हा कधी ओट्यावर आली नसती. विचारलं, "तू काय उत्तर दिलंस?" तिचे डोळे भरले. म्हणाली, "पहिल्या मेसेजला 'थँक्यू सर' म्हटलं. मला आनंद झाला होता गं आजी. जिल्ह्याला जायचं होतं मला. मग फोटो मागितला आणि मला तुझा ओटा आठवला. आणि मग डोक्यात आलं, ह्यानं खेळ पाहिला कुठं? चिखलामुळं आमचे सामने तर झालेच न्हाईत!"

शाब्बास गं माझी पोर! मी तिला तिथंच कवटाळलं.

आमी कुणाला काही न लिहिता, काही न पुसता, लागलीच शुभदा मॅडमकडं गेलो. त्या पोरींना खो-खो शिकवतात. त्यांनी खात्री केली, असा कुणी सरच नाही. मग रेणुकानं ग्रुपात उघड लिहिलं, "हा नंबर खोटा आहे. कुणाला मेसेज आला असेल तर घाबरू नका, सांगा."

आणि सुके, थोड्या वेळानं आपल्या दारात कोण उभी? माधवी. खोकणाऱ्या आजीची नात. रडून रडून डोळे सुजलेले. तिनं त्या माणसाला दोन फोटो धाडले होते. संघाच्या कपड्यातलेच, तसं त्यात वावगं काही नव्हतं. पण आता तो आणखी मागायला होता, आणि नाही दिलेस तर हेच गावभर करीन म्हणायला होता. चार दिवस ही पोर एकटीच ते गिळून बसली होती. घरी सांगितलं तर बाप खो-खो बंद करील म्हणून. मी विचारलं, "माझ्याकडं कशी आलीस गं?" म्हणाली, "त्या दिवशी माझ्या आजीची काळजी तुमीच एकट्यांनी केली होती."

आता सांग मला, त्या गोड पाप्यानं तुझा डोळा फुटला का उघडला?

मी तिला घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या बापाला दारातच बजावलं, "आधी मी बोलणार, मग तुमी. पोरीची काही चूक न्हाई. चूक मागणाऱ्याची हाय. खो-खो बंद केलात तर त्या लबाडाचंच खरं झालं." त्यानं पोरीला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी तो, शुभदा मॅडम आणि मी गंगाखेडला पोलिसांत गेलो. सगळे मेसेज तसेच ठेवले होते, ते तिथं दाखवले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली. मग पोरींनी तो नंबर बंद करून टाकला. पुढचा तपास ते करायलेत. माधवी आज मैदानावर होती.

आणि आता हेही वाच. हेडमास्तर एक दिवसही रजेवर नव्हते. मीच गेले नाही.

तुझी,
माय


पुणे
८ ऑक्टोबर २०२५

ती. मायस,

सप्रेम जयभीम.

पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. "मला तुझा ओटा आठवला" इथं आल्यावर मी पत्र त्यांच्या हातात दिलं. पुढचं त्यांनी वाचलं.

माय, मला वाटत होतं की सगळं दिसलं म्हणजे पोर सांभाळली. डाळीच्या डब्यातून मला त्याचा मेसेज दिसला असताही. पण ती तुझ्या मांडीवर फोन ठेवायला आली नसती, आणि माधवी तर दारापर्यंतसुद्धा आली नसती.

हेडमास्तर रजेवर नाहीत हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. तुझी शेळी आणि तुझे हेडमास्तर एकाच खुंट्याचे. मला वाटतं, मलाही तेच हवं होतं, म्हणून मी तुला जास्त खोदून विचारलं नाही.

टीसी नको. दिवाळीत आम्ही येतो, ते राहायला, न्यायला नाही. रेणुकाला मी स्वतः सांगेन की मी तिच्या मागं तिचा फोन उघडला होता. तू माझ्या वाटचं बोलू नकोस. आणि ओट्यावर माझ्यापुरती जागा ठेव. माझाही फोन मधे ठेवीन. त्यात काय निघेल कोण जाणे, ह्यांनी आत्तापासूनच हसायला सुरुवात केली आहे.

तुझी,
सुकेशनी


राणीसावरगाव
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सुकेशनीस,

सप्रेम जयभीम.

तुझी सगळी पत्रं मी रेणुकाच्या हातात दिली; तुझ्या वाटचं मी बोलले नाही, तुझीच अक्षरं बोलली. आता या घरात दडवून वाचायचं काही नको. तिनं वाचली, पुन्हा वाचली आणि चंद्रीला जाऊन मिठी मारली. शेळीला काय कळलं ते तिचं तिला ठाऊक.

वर्षावास संपला. पौर्णिमेला विहारात खीर झाली, सगळ्या पोरी आल्या होत्या, वैष्णवी, माधवी, झाडून सगळ्या. त्यांनी एक ठराव केला. सरजाआजीला ग्रुपात घ्यायचं. मी म्हटलं, "नको गं बायांनो. माळ्यावरची म्हातारी माळ्यावरच बरी. खाली उतरले की मला पुन्हा काढे सांगायची उबळ येईल." तुला खरं सांगते, हे म्हणताना जिवावर आलं. ग्रुपात येऊन एकदा तरी बदाम टाकायचा होता मला. पण रेणुकाच्या तोंडाकडं बघितलं, तर पोरगी सुटका झाल्यासारखी हसायली. तिचा ग्रुप तिचाच राहू दे.

डाळीच्या डब्यात आता डाळ आहे. जावईबापूंना पुरणपोळी आवडते, पण तुरीच्या डाळीचं पुरण मी करणार नाही हे सांगून ठेव. येताना हरभऱ्याची घेऊन या. तुमी आलात की ओट्यावर पाच जणं बसू, चंद्रीला धरून.

हे पत्र रेणुकाच पोस्टात टाकणार आहे. खाली थोडी जागा राहिलीय, ती तिला देते.

तुझी,
माय

ता.क. मम्मी, मी रेणुका. तुझी पत्रं पूर्ण वाचली, आजीनं वाचू दिली. मी तुझ्यावर रागावले होते, अजून थोडी आहे, दिवाळीपर्यंत पुरवणार आहे. तू विचारलं होतंस की मी सगळं दाखवीन का. सगळं नाही दाखवणार. पण भीती वाटेल असं काही आलं तर नक्की दाखवीन. आधी आजीला, मग तुला. रांगेतला हा नंबर बदलून हवा असेल तर जास्त वेळा येत जा.